चारच्या ठोक्याला नॅट डी.

सरका, सरका बाजूला! ट्रक येतोय.

ट्रकच्या हौद्यात बायाबापे खच्चून भरलेत. डोक्याला फडकी, खांद्यावर कापूस वेचायच्या लांबलचक झोळ्या, हातात कागदात गुंडाळलेली न्याहारी. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, मागून एक म्हातारी त्याचा उद्धार करतेय आणि उशिरा धावत आलेल्या पोराला दोघांनी बखोट धरून वर ओढलंय. हा ट्रक आता मिसिसिपी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे आर्कान्सात जाईल. दिवसभर वेचणी, दिवेलागणीला परत. तुमच्या तोंडावर धुराचा भपकारा सोडून तो गेला. आता श्वास घ्या.

मेम्फिस, टेनेसी राज्य. १९४९ चा ऑक्टोबर. अजून नीट उजाडलेलं नाही. हवेत कोळशाचा धूर आहे, नदीच्या गाळाचा ओला वास आहे आणि या दोन्हींच्या खाली एक तेलकट, खमंग असं काहीतरी आहे. अकोला-यवतमाळकडचे असाल तर डोक्याआधी नाक ओळखेल: सरकी. इथे सरकीच्या तेलाच्या गिरण्या आहेत, आणि फ्रंट स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांसमोर हंगामात रुईचे पुंजके पायांत घोटाळतात. अमेरिकेतल्या यादवीत या बाजूचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. म्हणजे म्हटलं तर तुमची इथली ओळख जुनीच.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. बसमध्ये चढलात की सरळ मागे जायचं. तुमचा देश कुठला, जात कुठली, पदवी कुठली, कुणी विचारणार नाही. कातडीचा रंग दिसतोय तेवढा पुरे. पाण्याचे नळ वेगळे, बाकडी वेगळी, दवाखान्याची दारंही वेगळी. पाट्या वाचत उभे राहू नका. आज एका माणसाच्या मागे पळायचंय आणि तो माणूस भराभर चालतो.

तो बघा, युनियन अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या दारातून आत शिरला. अंगात सूट, काखेत कागद, डोळ्यांवर भिंगासारखा जाड चष्मा. नॅथॅनियल डाउड विल्यम्स. जन्म १९०७ चा, इथल्याच बील स्ट्रीटवरचा. पोटापाण्याचा धंदा शिक्षकाचा: बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास. अख्खं गाव त्यांना नॅट डी. म्हणतं. आपण मास्तर म्हणू, कारण दिवसभरात ते कुठेही गेले तरी मास्तरच राहतात.

या आत. दार हळू लावा.

खोली लहान आहे, भिंतींना आवाज शोषणाऱ्या पट्ट्या मारल्यात, आणि त्यामुळे तुमचाच आवाज तुम्हाला कानात कापूस घातल्यागत ऐकू येतो. मधोमध माईक. समोर काच. काचेपलीकडे तबकड्या फिरवायची यंत्रं, बटणं, काटे, आणि त्यांच्यापुढे बसलेला एक गोरा तरुण. इथे नीट बघा. मास्तर बोलतील, गाणं कुठलं ते सांगतील, जाहिरात वाचतील; पण तबकडीवर सुई ठेवणारा हात काचेपलीकडचा. बटणांना काळ्या निवेदकाने हात लावायचा नाही, असा इथला दंडक. तेव्हा मास्तर बोट वर करतात, पलीकडचा मान हलवतो, सुई खाली येते. दोघांची लय इतकी जमलीय की काच आहे हे विसरायला होतं. मग मास्तरांना एखादं गाणं अर्ध्यावर थांबवावंसं वाटतं, हात नुसताच हवेत राहतो, आणि काच पुन्हा दिसते.

साडेसहा. लाल दिवा लागला. 'टॅन टाउन कॉफी क्लब' सुरू.

मास्तर कागद चष्म्याला जवळजवळ टेकवून धरतात. आवाज जाडसर, घसा थोडा खरखरीत, बोलण्याला बील स्ट्रीटचा हेल. रेडिओवर बोलायचं म्हणून वेगळी, धुतलेली इंग्रजी त्यांनी शिकून घेतलेली नाही. वर्गात बोलतात तसंच, नाक्यावर बोलतात तसंच. उठा, वेळ झाली, पोरांना उठवा, कामावर उशीर कराल. मध्येच एक चिमटा. आणि मग ते हसू. विहिरीतून भरलेली मोट वर यावी आणि थारोळ्यात भसाभसा रिकामी व्हावी, तसं हसू. काचेपलीकडचा काटा एकदम लाल रेघेला जाऊन भिडतो आणि तो गोरा तरुण घाईने बटण खाली फिरवतो.

चला, आता हा आवाज कुठे पोचतो ते पाहू.

लाकडी घर, तीन खोल्या एकामागे एक; पुढच्या दारात उभं राहिलं तर मागच्या दारातून परसातली कोंबडी दिसावी. स्वयंपाकघर शेवटचं. लोखंडी तव्यात डुकराच्या चरबीचे तुकडे तडतडतायत, पातेल्यात मक्याच्या जाड रव्याची पेज रटरटतेय, आणि फळीवर लाकडी खोक्याचा रेडिओ. हात लावून बघा, वरचा भाग कोमट झालाय. आतले व्हॉल्व्ह तापले की धूळ करपल्याचा बारीक वास येतो. घरातली बाई पांढरा एप्रन चढवतेय. तिला बस पकडून गावाच्या पूर्वेकडे गोऱ्या मालकिणीच्या घरी स्वयंपाकाला जायचंय. मास्तर वेळ सांगतात तसतशी तिच्या हाताची गती वाढते. सहा पन्नास झाले म्हटल्यावर ती पोराच्या पाठीत धपाटा घालते. घराला घड्याळ नाही, मास्तर आहेत. आणि मालकिणीच्या घरी पोचल्यावर, मालकीणबाई बाहेर गेल्या रे गेल्या की तिथल्या रेडिओचा काटाही मास्तरांच्या स्टेशनवर, ७३० वर येईल, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.

आता कान द्या, कारण गाणं संपलंय आणि माझ्या मते कार्यक्रमाचा खरा जीव इथे आहे. मास्तर सूचना वाचतायत. कुणाचं पाकीट बसमध्ये राहिलंय, आत कामगार संघाचं कार्ड आहे. कुणाचं जनावर दावं तोडून गेलंय. एक बाई दूरच्या गावाहून भावाला शोधत आलीय, तो मेम्फिसला आला एवढंच तिला ठाऊक आहे. अमक्या चर्चमध्ये शनिवारी तळलेल्या माशांचं जेवण, पैसे छपरासाठी. सगळं फुकट. स्टेशनवर चिठ्ठी आणून द्यायची, नाहीतर फोन करायचा. पोस्ट, पोलीस, वर्तमानपत्र यांच्या दारी ज्यांना ताटकळत उभं केलं जातं, त्यांना हे एक दार उघडं सापडलंय.

आणि हे ऐकलंत का? चर्चच्या जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचं नाव घेताना मास्तरांनी आधी 'मिसेस' म्हटलं. तुमच्या कानाला त्यात काहीच लागलं नसेल. पण या काळात दक्षिणेतली बहुतेक गोऱ्यांची वर्तमानपत्रं काळ्या बाईच्या नावाला 'मिसेस' लावत नाहीत. नुसतं नाव, मोलकरणीला हाक मारावी तसं. स्वयंपाकघरातल्या बाईने तव्यावरचा हात क्षणभर थांबवला, तो त्यासाठी.

आठ वाजायला आले, मास्तर निघाले. पळा!

बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल. घंटा कानठळ्या बसवते. मार्गिकेत शेकडो पोरं, खडूची धूळ, फरशी पुसायच्या तेलाचा वास, घामाचा वास, कुणाच्या तरी केसांच्या पोमेडचा गोडसर वास. एक पोरगा भिंतीला टेकून मास्तरांच्या हसण्याची नक्कल करतोय. बरी जमलीय, पण पोटातून येत नाही. मास्तर मागून येतात, ऐकतात, काहीच बोलत नाहीत, वर्गात शिरतात. पोरगा मेल्याहून मेला.

मागच्या बाकावर बसा. पुस्तक उघडा. कडा कुरतडलेल्या, आतल्या पानावर आधीच्या मालकांची नावं. ही पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेत वापरून जुनी झाली की इकडे येतात. त्यात काळ्या माणसांबद्दल जेमतेम दोन-चार ओळी, त्याही गुलाम म्हणून. मास्तर पुस्तक मिटून ठेवतात. मग जे शिकवतात ते त्या पानांत नाही: कोण कुठून आणले गेले, कुणी काय बांधलं, कुणी बंड केलं, या गावात कुणी पहिलं दुकान काढलं. चाळीस पोरं गप्प. मधूनच एखादी बोचरी कोटी, वर्ग फुटतो, पुन्हा गप्प. सकाळी रेडिओवर ऐकलेलीच पद्धत. किंवा उलट म्हणा: रेडिओवर मास्तर जे करतात ते जवळजवळ वीस वर्षं इथेच घोटून झालंय. लोकांना वाटतं एक शिक्षक रेडिओवर गेला. मला वाटतं त्यांनी वर्गाच्या भिंती तेवढ्या लांब नेल्या.

या बाकांवरून उठून गेलेला एक पोरगा सध्या कापडाच्या गिरणीत बॉयलरजवळ उभा आहे. नाव रूफस थॉमस. दुपारपर्यंत तिथे वाफ खायची, संध्याकाळी रंगमंचावर नाचून लोकांना हसवायचं. पुढे तो याच रेडिओवर येणार आहे, मोठा गायकही होणार आहे; पण नोकरी तो तरीही वर्षानुवर्षं सोडणार नाही. मास्तरांचा विद्यार्थी, दुसरं काय.

दुपार. उन्हाने सुस्ती आलीय, रेडिएटर उगाच खाडखाड वाजतोय, शेवटचा तास सरता सरत नाही. घंटा झाली की मास्तर पुन्हा तीच वाट धरतात, युनियन अ‍ॅव्हेन्यूची.

आता एक युक्ती करू. घड्याळ चारवरच ठेवू, फक्त कॅलेंडर वर्षभर मागे नेऊ. सोमवार, २५ ऑक्टोबर १९४८. तोच स्टुडिओ, तीच काच. पण आज सगळ्यांचे तळवे घामेजलेत.

हे स्टेशन, डब्ल्यूडीआयए, सुरू होऊन दीड वर्षही झालेलं नाही आणि दिवाळं निघायच्या बेतात आहे. अडीचशे वॉटची ताकद, सूर्य मावळला की बंद. गावात आधीच पाच स्टेशनं, हे सहावं. गोऱ्यांची खेडवळ गाणी लावून पाहिली, हलकंफुलकं संगीत लावून पाहिलं, गिऱ्हाईक फिरकेना. मालक दोघे, जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन, दोघेही गोरे. गावातल्या दर दहांतली जवळजवळ चार माणसं काळी आहेत आणि त्यांच्याशी कुणी बोलतच नाही, हे फर्ग्युसनच्या लक्षात आलं. यात समाजसुधारणा शोधू नका. दुकान चालेना म्हणून दुसऱ्या आळीतलं गिऱ्हाईक बघितलं, इतकंच. पण ते बघताना बोलावलं कुणाला, इथे त्या माणसाची नजर चांगली निघाली.

चार वाजले. निवेदन झालं. लाल दिवा लागला. मास्तरांकडे हात झाला.

आणि मास्तर गप्प.

पाठ केलेलं सगळं गेलं. तुम्ही कोपऱ्यात उभे आहात, तुमच्याही पोटात गोळा आलाय. रेडिओवरची एक सेकंदाची शांतता खोलीतल्या माणसांना किती लांब वाटते ते आत्ता कळेल. घड्याळाचा काटा ऐकू येतोय. काचेपलीकडे भुवया वर गेल्यात. जवळजवळ वीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला, रंगमंचावर हजारोंना खेळवलेला माणूस एका लोखंडी जाळीच्या तुकड्यापुढे मुका झालाय! हा विनोद पहिल्यांदा त्यांनाच कळला असावा, कारण ते हसले. भसाभसा, पोटातून, आवरता येईना असं. खोलीतले बाकीचेही हसू लागले. दक्षिणेतल्या काळ्या श्रोत्यांसाठी काळ्या माणसाने उघडपणे चालवलेल्या पहिल्या कार्यक्रमांपैकी एक अशा हास्याने सुरू झाला, आणि पुढे तेच हसू त्यांची सही होऊन बसलं. 'टॅन टाउन जंबोरी'.

फोन खणखणायला लागलेत. उचलू नका. बरेच चांगले आहेत, पण काही शिव्यांचे आहेत, बॉम्ब ठेवू म्हणणारेही. आठवडाभराने बघाल तर टेबलावर पत्रांचा ढीग. वर्षभरात निवेदकांच्या जागी सगळी काळी माणसं. दुकान चालायला लागलं.

आहात तिथेच थांबा जरा, पाऊस येतोय. त्याच सुमाराची एक ओली दुपार. काचेवर पाणी ओघळतंय आणि बाहेर एक सडसडीत तरुण उभा आहे, नखशिखान्त भिजलेला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गिटार. पेटी घ्यायला पैसे नाहीत. मिसिसिपीतल्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचा, बसने आला, बसथांब्यापासून पायी आला. मास्तर उठून विचारतात, काय पाहिजे बाबा? त्याला रेकॉर्ड काढायचीय, रेडिओवर गायचंय. मास्तर फर्ग्युसनला हाक मारतात. स्टेशनला नेमकं पेप्टिकॉन नावाच्या एका टॉनिकसाठी गाणं हवं असतं. पोरगा तिथल्या तिथे दोन ओळी जुळवून गातो. त्याला दिवसाला दहा मिनिटं मिळतात. पगार नाही, पण रात्री कुठे गाणार ते हवेवर सांगायची मुभा. टॉनिकमध्ये दारूचा अंश बराच होता, हे त्याला मागाहून कळलं, आणि म्हाताऱ्या चर्चवाल्या बायका ते इतक्या भक्तिभावाने का घेतात तेही. रायली किंग त्याचं नाव. बील स्ट्रीटच्या नावाचं एक लांबलचक बिरूद त्याला चिकटलं, ते कापत कापत दोन अक्षरांवर आलं: बी. बी.

परत १९४९ ला या. दिवस मावळला, स्टेशन बंद झालं. मास्तर बील स्ट्रीटकडे निघालेत. भूक लागली असेल तर आता जिभेला सांभाळा.

वास आधी येतो. फासळ्यांचं मांस हिकरीच्या लाकडावर शेकतंय, त्याची चरबी निखाऱ्यांवर ठिबकून उठलेला धूर. गरम तेलात मक्याच्या पिठात घोळलेला मासा. तिखटजाळ चिलीची पातेली. मग आवाज. तीन दारांतून तीन वेगळी गाणी, वरच्या मजल्यावर फाशांची खुळखुळ, खाली शिंपी गिऱ्हाइकाला पटवतोय. गहाणवटीच्या दुकानात काचेमागे गिटारी टांगलेल्या, प्रत्येकीमागे कुणाचा तरी वाईट महिना. श्वॉबच्या दुकानात शिरा: ढगळ विजारी, कंदील, आणि त्याच फळीवर प्रेम जुळवायच्या पुड्या, दृष्ट काढायच्या मेणबत्त्या. वरच्या मजल्यांवर डॉक्टर, वकील, दंतवैद्य. गर्दी अशी की आपण चालत नाही, वाहतो. आणि या गर्दीत मास्तरांना शंभर पावलं टाकायला अर्धा तास लागतो. एकाला नोकरीची चिठ्ठी हवीय, एकीचा पोरगा वर्गात काय करतो ते विचारायचंय, एक जण सकाळच्या सूचनेबद्दल सांगतो: ते पाकीट मिळालं.

त्या दंतवैद्यांपैकी एक, डॉ. व्हेन्सन, यांचं एक कारस्थान सांगण्यासारखं आहे. गावात दर वर्षी गोऱ्यांचा कापूस-उत्सव भरतो, राणी निवडतात, मिरवणूक काढतात. त्यात काळी माणसं असतात ती चित्ररथ ओढायला, घोड्यांच्या जागी. ते बघून व्हेन्सनचं डोकं फिरलं आणि १९३०च्या दशकात त्यांनी बील स्ट्रीटचा वेगळा उत्सव उभा केला, 'कॉटन मेकर्स जुबिली'. कापूस पिकवणारे आम्ही, तर राणीही आमची. तो गाजवायला गल्लीतला हात होता मास्तरांचा. जिथे चार माणसं जमवायची तिथे ते होतेच. रविवारच्या सकाळी मुलांना बायबल शिकवायला होते, 'ब्राउन अमेरिका स्पीक्स' या चर्चेच्या कार्यक्रमात बोलायला होते, आणि 'मेम्फिस वर्ल्ड' या वर्तमानपत्रात रात्री बसून सदर लिहायलाही. झोपत कधी असतील, हा प्रश्न रास्त आहे.

पॅलेस थिएटरच्या दारात आणखी एकदा कॅलेंडर मागे ढकलतो, फार नाही, १९३०च्या दशकाच्या मधोमध. हौशी कलाकारांची रात्र. तिकीट घ्या, रेटा, आत घुसा. आठवड्यातली एक रात्र इथे फक्त गोऱ्यांसाठी असते; आज ती नाही, त्यामुळे हव्या त्या खुर्चीत बसा. शेंगांची टरफलं पायाखाली कुडकुडतायत, सिगारेटचा धूर दिव्याच्या झोतात निळा झालाय. सूत्रधार: मास्तर, चौदा वर्षांनी तरुण, चष्मा तेवढाच जाड. पहिलं बक्षीस पाच डॉलर, मग तीन, मग दोन. एक मुलगी गाते, प्रेक्षक तिला डोक्यावर घेतात. एक जण बेसूर लागतो आणि खालून जी आरडाओरड सुरू होते! तेवढ्यात विंगेतून एक जण पिस्तूल घेऊन येतो, धाड! काडतूस पोकळ, पण तुम्ही खुर्चीतून उडालात. 'मेलेल्या' गायकाला उचलून नेलं. मास्तर पुढच्याचं नाव पुकारताना काहीतरी बोलतात आणि पडलेला तो गायकसुद्धा विंगेत हसतो. हे मला फार आवडतं. त्या पाचशे शिट्ट्यांत माणसाची लाज त्यांनी राखली होती.

आता थोडं झपाट्याने पुढे. १९५४ साली स्टेशनची ताकद अडीचशे वॉटवरून पन्नास हजारांवर गेली. मिझूरीपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आवाज पोचायला लागला. देशातल्या काळ्या लोकसंख्येचा अंदाजे दहावा हिस्सा त्याच्या टप्प्यात. सूचनांची वही जाडजूड झाली. आणि स्टेशनच्या 'गुडविल' निधीतून एक बस आली. अपंग काळ्या मुलांना शाळेत न्यायला गावात गाडीच नव्हती. ही मुलं घरी बसून होती. बसचे पैसे कुठून आले ते पाहायचं तर शेवटची उडी मारावी लागेल. बूट घट्ट बांधा, हे मी मनापासून सांगतोय.

७ डिसेंबर १९५६, एलिस ऑडिटोरियम. निधीसाठीचा वार्षिक जलसा. बाहेर गारठा, आत भट्टी. हजारो माणसं, ओल्या लोकरी कोटांची ऊब, अत्तर, पुदिन्याचा च्युइंगगम, केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा जळका वास. रे चार्ल्स गाऊन गेलाय. बी. बी. किंगला आता पेटीतली गिटार परवडते. रूफस थॉमस पिसांचा टोप घालून रेड इंडियन सरदार झालाय आणि त्याच्या अभिनयाला कुणी धरबंध घालू शकत नाही. मास्तर रंगमंचाच्या कडेला, हातात कागद, चष्म्याला टेकवलेला.

शेवटाकडे पडदा जरा हलतो आणि त्यामागून एक गोरा पोरगा पुढे येतो. याच गावचा, बील स्ट्रीटवरच्या दुकानातून कपडे घेणारा, बील स्ट्रीटच्या गाण्यांवर वाढलेला. कराराने बांधलेला असल्यामुळे गात नाही. नुसता एक पाय थोडासा हलवतो.

आणि छप्पर कोसळतं. तुमच्या डाव्या-उजव्या कानांत एकाच वेळी हजार मुली किंचाळतायत. खुर्च्या उलटतात. सगळी लाट रंगमंचाकडे सुटते आणि तुम्ही तिच्यात, हात वर, पाय जमिनीला लागत नाहीत, कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची पर्स डोक्यावर. 'एल्व्हिस! एल्व्हिस!' पोलीस त्याला मागच्या दाराने काढतायत. एका झटक्यात तुम्हाला कडेचे मास्तर दिसतात: चष्मा नाकावर ढकलतायत, तोंड थोडं उघडं, आणि डोळ्यांत वर्गातला तोच मिस्कील प्रश्न. आपल्या काळ्या-सावळ्या पोरी या गोऱ्या पोरासाठी एवढ्या का वेड्या व्हाव्यात? पुढे ते सदरात अगदी हेच विचारणार आहेत, बी. बी. किंगसाठी यांनी असा जीव कधी काढला नाही, ही टोचणीही त्यात असेल. 

जिन्यापर्यंत लाटेने आणून सोडलं ना? हाडं मोजा. सगळी आहेत? आणि डावा बूट? सांगितलं होतं घट्ट बांधा म्हणून.

असू द्या. सोमवारी युनियन अ‍ॅव्हेन्यूला जा आणि चिठ्ठी द्या: डावा, तपकिरी, आठ नंबर, एलिस ऑडिटोरियमच्या जिन्यात. पैसे पडत नाहीत. मास्तर चारच्या कार्यक्रमात वाचतील आणि तुमच्या नावाआधी 'मिस्टर' किंवा 'मिसेस' लावूनच वाचतील. आडनाव मात्र त्यांना एकदा उच्चारून दाखवा. कुलकर्णी असाल तर दोनदा.